पाण्याचा जमाखर्च
नंदुरबार जिल्ह्यांतील पिकांची निवड व दुष्काळनिवारण यांविषयीं समितीचें निवेदन

दुष्काळनिवारणाच्या कार्यास ज्यांनीं आजवर सढळ हातानें साहाय्य केलें, त्या व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. तापीवर प्रकाशा व सारंगखेडा येथें मोठे बंधारे झाले, गांवोगांव विहिरी व कूपनलिका झाल्या, वीज आली. असें असतां एक वर्ष पाऊस कमी पडला कीं उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची व चाऱ्याची ओरड कां होते? आमचें द्रव्य जातें तरी कोठें? प्रश्न रास्त आहे. द्रव्याचा हिशेब या पुस्तकांत अन्यत्र दिला आहे. येथें पाण्याचा हिशेब द्यावा असें आम्हीं योजिलें. कारण आमची अशी खात्री झाली आहे कीं, येथील टंचाईचा निम्मा उलगडा आभाळाकडे पाहून होतो आणि उरलेला निम्मा शेतांत कोणतें पीक उभें आहे हें पाहून होतो.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. जुन्या मंडळींच्या बोलण्यांत तो अजून पश्चिम खानदेशच आहे. तापी त्यास आडवी छेदून जाते. तिच्या उत्तरेस शहादें व तळोदें येथील खोल, काळी, गाळाची जमीन. दक्षिणेस नंदुरबार व नवापूर यांचा उंचसखल, खडकाळ मुलूख. आणि शहादें-तळोद्याच्या पलीकडे सातपुड्याच्या रांगांत अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके थेट नर्मदेपर्यंत पसरलेले आहेत. पाऊस सर्वत्र सारखा नाहीं. नवापूर व सातपुड्याच्या भागांत तो साधारण वर्षीं हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो. नंदुरबार-शहाद्याच्या मैदानास सुमारें ६०० ते ७०० मिलिमीटरांवर भागवावें लागतें. आतां येथें एक विलक्षण गोष्ट दिसते. जेथें पाऊस अधिक, त्या डोंगरांत सिंचन जवळजवळ नाहीं; तेथें मका, ज्वारी, बर्टी, मोर, भादी अशीं आभाळाच्या पाण्यावर येणारीं धान्यें पिकतात. आणि जेथें पाऊस कमी, त्या मैदानांतच ऊंस, केळी व पपई हीं बारमाही तहानेचीं पिकें उभीं आहेत. सपाट जमीन, खोल माती व विजेचा पंप जेथें असेल तेथेंच बागाईत होणार, हें खरें. परंतु त्या बागाईताचें पाणी त्या जागेवर पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पुढें जातें, हें विसरून चालत नाहीं.

व्यापाऱ्यास खतावणीची भाषा जवळची. म्हणून त्याच भाषेंत मांडतों. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी पसरलें म्हणजे तें सुमारें ४,००० लिटर होतें. वाढीच्या एकंदर काळांत ऊंसास १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतें. केळीस १,२०० ते २,२००, कापसास ७०० ते १,३००, मिरचीस ६०० ते ९००, ज्वारी व गहूं यांस ४५० ते ६५०. हरभरा तर ३०० च्या आसपास भागवितो. हे आंकडे निरनिराळ्या हवामानांचे मिळून आहेत. आमच्याकडील वैशाखांतील ऊन व झळा पाहतां वरच्या टोकाकडे झुकणें सावधपणाचें होईल. तरी ऊंसाची गरज २,००० मिलिमीटरच धरूं. पावसापैकीं ५०० मिलिमीटर पिकाच्या उपयोगी पडला असें मानलें, तर राहिलेलें १,५०० मिलिमीटर विहिरींतून किंवा नदींतून उपसून द्यावें लागेल. म्हणजे एकरीं ६० लाख लिटर. केंद्र सरकारच्या जल जीवन योजनेंत खेड्यांतील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें प्रमाण ठरविलें आहे. त्या प्रमाणानें ६० लाख लिटर हें सुमारें ३०० माणसांचें वर्षाचें पाणी झालें. एक एकर ऊंस आणि सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा, यांची तहान सारखी आहे.

त्याच एकराच्या शेजारीं दादर पेरली आहे असें समजा. बाहेरगांवच्या दात्यांसाठीं सांगावयाचें तर, रब्बीच्या ज्वारीस खानदेशांत दादर म्हणतात. खोल काळ्या जमिनींत पावसाची जी ओल मुरून राहते तिच्यावरच ती बहुतांशीं वाढते. पोटरींत येतांना व दाणा भरतांना एकेक पाळी मिळाली कीं पीक साधतें. एका पाळीस ७५ मिलिमीटर पाणी धरलें तर एकरीं ३ लाख लिटर, दोन पाळ्यांस ६ लाख. म्हणजे जें उपशाचें पाणी ऊंसाच्या एका एकरांत जातें, त्यांत दादरीचे दहा एकर निघतात. आणि त्या दहा एकरांतून धान्य तर मिळतेंच, शिवाय कडबा मिळतो. दुष्काळांत समितीचा मोठा खर्च चाऱ्यावर होतो हें ध्यानीं घेतलें म्हणजे या कडब्याचें मोल कळेल. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, टंचाईच्या वर्षीं ऊंसाचे वाढे जनावरांस घालतात व त्यावर पुष्कळ गुरें जगतात. पण वाढे हा पोटभरीचा चारा नव्हे. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या जनावराच्या अंगांतील चुन्याचा अंश घटतो व तें खंगतें, हें जनावरांच्या डॉक्टरांस विचारल्यास कळेल.

कोणी म्हणेल, पाणी मोजतां पण पैसा मोजीत नाहीं, हा हिशेब एकांगी आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ऊंस लावणारा शेतकरी अविचारी नाहीं. त्याच्या मालाचा किमान दर सरकार ठरवून देतें. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस कारखान्यास घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावे असा नियम आहे. नियम व व्यवहार यांत अंतर पडतें ही गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या कोणत्या पिकास असा नियमसुद्धां आहे? ऊंस गारपिटीनें झोडपला तरी बहुधा उभा राहतो, एखादी पाळी चुकली तरी मरत नाहीं, आणि पुरुषोत्तमनगर व डोकारे येथें सहकारी कारखाने उभे राहिल्यापासून तो विकावयास बाजारांत बसावें लागत नाहीं. उलट मिरचीची गोष्ट पाहा. नंदुरबारची मिरची देशांत नांवाजलेली. हंगामांत शहराभोंवतींच्या पथाऱ्या लाल होऊन जातात. परंतु चुरडा-मुरडा पडला कीं उभें शेत आठ-पंधरा दिवसांत बसतें, आणि पीक उत्तम आलें तर भाव बसतो. असा अनुभव दोन वर्षें आलेला शेतकरी ऊंसाकडे किंवा पपईकडे वळला, तर त्यास दोष कोण देईल?

दोष असलाच तर तो मापांत आहे. सातबारावर जमीन लिहिलेली असते, पाणी लिहिलेलें नसतें. म्हणून आपण सगळे उत्पन्न एकरीं मोजतों. एकरीं मोजलें तर ऊंस व केळी वर, दादर व हरभरा खालीं. पण या मैदानांत तोटा जमिनीचा नसून पाण्याचा आहे, आणि लाख लिटर पाण्यामागें काय मिळालें असें मोजूं लागलें तर ही उतरंड बरीच उलटते. शेतकऱ्यास हें दिसत नाहीं याचें कारण उघड आहे. विहिरीच्या पाण्यास किंमत पडत नाहीं. पूर्वीं मोटेला बैल लागत, माणूस लागे, आणि बैल थकला कीं उपसा थांबे. विजेच्या पंपाला थकवा नाहीं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारनें वीजबिलाची माफी दिली आहे. गरीब शेतकऱ्यास तिचा मोठाच आधार आहे व ती काढून घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या मालास किंमत नाहीं त्याची काटकसर कोणता व्यापारी करील?

आतां विहिरीचें पाणी येतें कोठून व संपतें कसें, हें पाहूं. तापीच्या दक्षिणेस जमिनीखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या मुरमांत व भेगांत मावेल तेवढेंच पाणी तेथें सांठतें. उत्तरेस गाळाचा थर खोल असल्यामुळें सांठा मोठा आहे. पण मोठा सांठा म्हणजे अखंड सांठा नव्हे. जळगांव जिल्ह्यांत, याच तापीच्या गाळावर, यावल व रावेर तालुक्यांत केळीनें वैभव आणलें, आणि तेच तालुके भूजलाच्या सरकारी पाहणींत अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले. एका गांवांतील पन्नास विहिरी म्हणजे पन्नास पेट्या नव्हत, एकाच रांजणांतून काढणारे पन्नास तांबे आहेत. त्यांत ज्याचा पंप खोल, त्याचा तांबा मोठा. आणि गांवची पिण्याच्या पाण्याची विहीर बहुधा सर्वांत उथळ असते.

यांत काळाचा भाग फार महत्त्वाचा आहे व त्याकडे दुर्लक्ष होतें. हरभरा माघ-फाल्गुनांत निघतो. त्यानंतर त्या शेताला पाणी लागत नाहीं, जें उरलें तें जमिनींत उन्हाळ्यासाठीं राहतें. ऊंस व केळी यांची तहान चैत्र-वैशाखांत सर्वांत अधिक असते, म्हणजे नेमकी ज्या दोन महिन्यांत विहिरी तळाला जातात त्याच दोन महिन्यांत. पीक उभें असतांना शेतकरी पाणी तोडूं शकत नाहीं. वर्षाचा खर्च त्यांत पुरलेला असतो. मग दुसरी कूपनलिका, पहिलीहून खोल, आणि बहुधा कर्ज काढून. २०१८ सालीं सरकारनें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत या जिल्ह्यांतीलही तालुके होते. पाऊस कमी पडणें हें आपल्या हातीं नव्हतें. पण कमी पावसाच्या वर्षीं उन्हाळ्यांत किती एकर बारमाही पीक उभें असावें, हें त्याच्या आदल्या वर्षींच ठरून गेलेलें असतें.

नद्यांवरील बंधाऱ्यांनीं हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. तापीचें पाणी अडलें खरें. पण तें शेतापर्यंत चढविण्याच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षें बंद पडून राहिल्या, आणि बागाईत विहिरींवरच वाढत गेलें. ठिबकाविषयींही दोन शब्द. ठिबकानें पाणी वांचतें यांत शंका नाहीं, आणि जो ऊंस लावणारच आहे त्यानें तो ठिबकावर लावावा हें बरें. परंतु पाटानें दिलेल्या पाण्यांतून जें झिरपत होतें त्याचा कांहीं भाग पुन्हां विहिरींतच येत होता. आणि वांचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ऊंस लावूं लागला तर रांजणांत कांहींच वांचत नाहीं. नळी बारीक केल्यानें पिकाची तहान बारीक होत नाहीं.

दुष्काळासाठीं आणलेलें पाणी बारमाही पिकानें प्यावें, हें महाराष्ट्रांत प्रथमच घडत आहे असेंही नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर पुणें जिल्ह्यांत नीरा डावा कालवा काढण्यांत आला व १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी सुरू झालें. हेतु असा कीं, पाऊस चुकल्यास ज्वारी-बाजरीस आधार मिळावा. पण चांगल्या पावसाच्या वर्षीं ज्वारीसाठीं पाणीपट्टी भरून पाणी कोणी घेईना. कालव्याचा खर्च निघेना. तेव्हां सरकारनेंच ऊंसास उत्तेजन दिलें. कांहीं वर्षांत कालव्याच्या वरच्या अंगास ऊंस माजला, जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या, आणि खालच्या अंगाच्या ज्वारीस पाणी पोंचेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंजिनियर विश्वेश्वरय्या यांनीं त्या कालव्यावर ब्लॉकपद्धति सुरू केली: ठरविलेल्या क्षेत्राचा मर्यादित हिस्साच ऊंसाखालीं, बाकींत हंगामी पिकें, आणि ऊंसाची जागा आळीपाळीनें बदलती. पुढें साखरेचे कारखाने वाढले तशी ही मर्यादा सैल होत गेली. आज राज्याच्या लागवडीपैकीं सुमारें ४ टक्के क्षेत्रावरील ऊंस सिंचनाच्या सुमारें ७० टक्के पाणी घेतो, असें केंद्राच्या कृषि खर्च व मूल्य आयोगानेंच नमूद केलेलें आहे.

विश्वेश्वरय्यांनीं जें कालव्यावर केलें, तें आमच्या शेजारीं साक्री तालुक्यांत पांझरा नदीवर शेतकऱ्यांनीं आपल्या अकलेनें कितीतरी आधीं केलें होतें. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवरील फडपद्धति तीन-चारशें वर्षें जुनी समजली जाते. नदीस दगडी बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडांत एकच पीक. ऊंस एका फडांत, इतरांत हंगामी धान्यें, आणि दरवर्षीं पालट. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळें ऊंसाचा लाभ व ज्वारीचा भार दोन्ही सर्वांच्या वांट्यास येत. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीस जागल्या, व त्यांचें वेतन सर्वांनीं मिळून द्यावयाचें. नदीस पाणी कमी असेल त्या वर्षीं कोणाचें पीक वाळवावयाचें असा तंटा होत नसे. एक फड कमी भिजवीत, आणि तो तोटा सर्वांचा. आम्हांस या पद्धतींत सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही कीं, पाण्याची वांटणी करण्यापूर्वीं पिकाची निवड होई. आज आपण पाणी आधीं काढतों, पीक आपापलें ठरवितों, आणि वांटणीचा विचार टँकर आल्यावर करतों. पंप व खाजगी विहिरी वाढल्या तसे हे फड मोडकळीस आले, ही खेदाची गोष्ट आहे.

ही पद्धत जुन्या काळास शोभे, आतां चालणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांसाठीं अलीकडचीं दोन उदाहरणें देतों. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें पाणी पंचायत उभी केली. तेथें पाणी जमिनीच्या मानानें न देतां घरांतील माणसांच्या मानानें दिलें जाई. माणशीं अर्धा एकर, कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर. भूमिहीनासही पाण्यांत वांटा. आणि या पाण्यावर ऊंस नाहीं. दुसरें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. पाऊस ४०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे आमच्या शहाद्याहूनही कमी. गांवानें शेतीसाठीं कूपनलिका नको, ऊंस व केळी नको असें ठरविलें, आणि पुढें पाऊस मोजून, पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ग्रामसभेंत ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथें कांदा होतो, भाजीपाला होतो, दूध पुष्कळ होतें. पाणी मोजल्यानें गांव दरिद्री झालें नाहीं.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ याप्रमाणें अधिसूचित क्षेत्रांत अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर निर्बंध घालतां येतो. परंतु दहा कोसांवरच्या कचेरींतून कोणाच्या शेतांतील ऊंस मोजून काढणें किती कठीण, हें जमीनदारांस आम्हीं सांगावयास नको.

आणखी एक बाब, जिच्याकडे दात्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. दिवाळीनंतर या जिल्ह्यांतील भिल्ल, मावची, पावरा कुटुंबें मुलांबाळांसह सुरत-बारडोलीकडे ऊंसतोडणीस जातात. डोंगरांत पाऊस अधिक पडला तरी तो उताराने निघून जातो. रब्बीस एक पाळी मिळेल एवढेंही पाणी तेथें अडलेलें नसतें, म्हणून खरीप निघाला कीं घरांत काम नाहीं. मैदानांतील एका एकर ऊंसाचें पाणी आम्हीं वर मोजून दाखविलें. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढें पाणी डोंगरांतल्या एका एकराला मिळालें तर तेथें हरभरा होतो, आणि हरभरा झाला तर कोयता खुंटीला राहतो. म्हणून नव्या विहिरीपेक्षां डोंगरांतील लहान बंधाऱ्यांस आम्ही देणगींत आधीं स्थान देतों, याचें कोणास आश्चर्य वाटूं नये.

समितीनें आपल्यापुरतें काय ठरविलें तें सांगतों. समितीच्या द्रव्यांतून खोदलेल्या किंवा खोल केलेल्या विहिरीवर बारमाही पीक घेतां येणार नाहीं, होळीनंतर तिचें पाणी प्रथम माणसांस व गुरांस मिळेल, आणि तिच्या पाण्यांत शेजारच्या भूमिहीन कुटुंबास भाजीपाल्यापुरता वांटा राहील, असें लेखी कबूल करून घेतल्यावांचून यापुढें विहिरीस पैसा दिला जाणार नाहीं. ही अट कांहीं गृहस्थांस जाचक वाटेल. पण अट न घालतां दिलेली विहीर शेजारच्या तीन विहिरी आटवूं शकते, आणि मग त्या तीन घरांसाठीं पुन्हां आपल्याच दारीं यावें लागतें.

जमीनदारांस विनंति ही कीं, आपल्या ओलिताचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग बारमाही पिकाखालीं ठेवूं नये, आणि तोही ठिबकावर असावा. आपण एकटे असें केल्यानें पाणी शेजाऱ्याच्या पंपांत जाईल ही शंका खरी आहे. म्हणून एका शिवारांतील चार-सहा मोठ्या खातेदारांनीं मिळून ठरवावें. लहान शेतकरी मोठ्याकडे पाहून पीक ठरवितो.

व्यापाऱ्यांस विनंति निराळी आहे, कारण पीक शेतांत उगवतें तरी तें ठरतें पेढीवर. पपईवाला, केळीवाला हंगामाआधीं बागेंत येऊन सौदा करतो, म्हणून बाग लागते. दादरीचा, तुरीचा, हरभऱ्याचा असा सौदा पेरणीपूर्वीं कोणी करीत नाहीं. ज्या व्यापाऱ्यांची धान्याची व डाळीची पेढी आहे, त्यांनीं नंदुरबार, शहादें व तळोदें येथील शेतकऱ्यांशीं ठरलेल्या किमान भावानें आगाऊ करार करावे. भाव त्याहून चढला तर शेतकऱ्यास चढता भाव, उतरला तर ठरलेला; जो थोडा तोटा येईल तो देणगीच्या खातीं धरावा. आमच्या मतें तोटा सोसून दिलेला असा एक रुपया टँकरवर खर्चिलेल्या पांच रुपयांची जागा घेईल.

कडब्याच्या बाबतींत हेंच काम समिति स्वतः करणार आहे. टंचाईच्या वर्षीं चारा बाहेरून, दुपटी-तिपटीच्या भावानें आणावा लागतो. त्याऐवजीं दादर पेरणाऱ्या शेतकऱ्यांकडून कडबा सुगीलाच रोख घेऊन गंजी घालून ठेवाव्या असें ठरलें आहे. त्यासाठीं कोरड्या, उंचवट्याच्या जागा व पत्र्याच्या वखारी हव्या आहेत. ज्यांच्या जिनिंगच्या आवारांत किंवा मिरचीच्या पथारीवर फाल्गुनापासून मोकळी जागा असेल, त्यांनीं जागेचें मोजमाप व भाडें घ्यावयाचें कीं नाहीं हें दसऱ्यापूर्वीं समितीकडे लिहून कळवावें; दादरीची पेरणी त्याच सुमारास होते, आणि कडबा घेतला जाणार हें शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं सांगतां आलें पाहिजे.